घटकाचोरे

पौषातली पहाट फुटत होती. घोणसगडाच्या तिन्ही अंगांच्या दऱ्या धुक्याने काठोकाठ भरल्या होत्या आणि त्या पांढऱ्या सागरातून गडाचा काळा माथा तेवढा वर निघाला होता. पायथ्याशी खानाची फौज चार महिने तळ देऊन बसली होती; परंतु धुक्यात ती दिसत नसे, आणि न दिसणारा शत्रू निम्माच असतो, अशी गडकऱ्यांनी आपली समजूत करून घेतली होती.

बालेकिल्ल्याच्या दाराशी, घटकेच्या ओवरीत, धोंडभट जोशी गंगाळासमोर मांडी घालून बसले होते. गंगाळात पाणी, पाण्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या तळाला सुईच्या टोकाएवढे भोक, आणि मागे तुळईला टांगलेली परातीएवढी काशाची थाळी, एवढा त्यांचा कारभार. वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे हल्लीची चोवीस मिनिटे, झाली. घटका झाली की भटांनी मोगरी उचलून थाळीवर टोल द्यायचा. किल्लेदार हैबतराव गडाचे धनी खरे. पण गड उठायचा, जेवायचा आणि पहारे बदलायचा तो त्या भोकाच्या हुकमाने. चार पिढ्यांत जोशांचा टोल चुकला नव्हता. धोंडभटांच्या वडिलांनी शेवटचा श्वाससुद्धा टोल देऊन झाल्यावर सोडला, असे घरात सांगत. तो त्यांनी मुद्दाम रोखून धरला होता की काय, याविषयी घरातच दोन मते होती.

सूर्योदयानंतरचे दोन टोल पडले आणि दरवाजांचा हवालदार सटवाजी ओवरीत आला. सोबत दोन तलवारबहाद्दर होते. कधी नव्हे तो भटांची प्रकृती विचारून त्याने बैठक मारली आणि तिसरा टोल वेळेवर पडेल ना, अशी चौकशी केली.

"हवालदार, टोल वेळेवर पडत नसतो," धोंडभट म्हणाले. "टोल पडतो ती वेळ."

सटवाजी हसला. भटांनाही मग शिष्टाचार आठवला. गेल्या महिन्यात सटवाजीने भाचीच्या लग्नाची सबब सांगून एक नवी वाटी गडाच्या वाटीशी तंतोतंत जुळवून घेतली होती, आणि कोणत्या तरी चोरवाटेने खाली धाडली होती. लग्नमुहूर्ताला जोशाची वाटी लागतेच. भटांनी तीन दिवस खपून हौसेने ती जुळवून दिली होती. त्यांनी विचारले, "भाचीचे शुभकार्य पार पडले ना?"

"परवाच लागलं लग्न. मुहूर्त बिनचूक साधला. तुमच्या वाटीची कृपा, भटजी."

धोंडभटांनी मान डोलावली, आणि ती अर्ध्यावरच थांबली. परवा म्हणजे पौष शुद्ध सप्तमी. पौषात लग्न लागत नाही. मुहूर्त नसलेल्या महिन्यात मुहूर्त साधणारी ती वाटी लग्नघरी गेलीच नव्हती. ती या क्षणी खालच्या छावणीत, खानाच्या डेऱ्यापुढे, याच वाटीच्या बरोबरीने पाणी पीत होती. तिसऱ्या टोलाला दिंडी दरवाजाचा रायाजी नाइकाचा बारा जणांचा पहारा उठणार होता आणि सटवाजीची माणसे त्या जागी बसणार होती. टोल खाली छावणीपर्यंत ऐकू जात नसे, म्हणून खालचे लोक आपल्या वाटीवर वेळ मोजत धुक्याआडून दिंडीशी येणार होते, आणि अडसर आतून निघणार होता.

धोंडभट शूर नव्हते. घरात पाल चुकचुकली तरी ते पंचांग उघडत. ओरडावे तर किल्लेदारांचा वाडा गडाच्या दुसऱ्या टोकाला आणि तलवारी दोन हातांवर. मात्र एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. टोल पडण्याआधी पहारा सोडणाऱ्याची गर्दन मारावी, असा गडाचा कायदा होता, आणि रायाजी कायद्याच्या बाबतीत बैलासारखा होता. टोल नाही, तर तो हलणार नाही.

त्यांनी पाण्याला वंदन करायला उजवा हात गंगाळात घातला, स्तोत्र सुरू केले, आणि बोट वाटीखाली नेऊन भोकावर ठेवले.

स्तोत्र लांबले. गंगा झाली, यमुना झाली, गोदावरी झाली; पुढे भूगोलातल्या नद्या संपल्या, तेव्हा भटांनी काही नवीन प्रसवल्या. पाणी हाडे फोडत होते. वाटी अर्धी भरून तशीच तरंगत राहिली. समोरच्या तटावरचे ऊन एक एक चिरा खाली उतरू लागले.

"भट, ही बुडत का नाही?"

"थंडीचे दिवस, हवालदार. पाणीसुद्धा आखडते."

सटवाजी वाकला. पाण्यातले बोट त्याला दिसले. त्याने तो हात बाहेर ओढला, गंगाळाच्या काठावर दाबून धरला आणि कट्यार चालवली. दोन बोटे पाण्यात पडली. सुटलेली वाटी तांबड्या पाण्यात पुन्हा सावकाश भरू लागली. पण तेवढा धीर आता सटवाजीला नव्हता. त्याने मोगरी उचलली.

काशाच्या थाळीचा स्वभाव असा, की एका बोटाने शिवलात तरी तिचा आवाज मरतो. धोंडभटांनी तिला दोन्ही हातांनी कवटाळले, छाती टेकवली, गाल टेकवला. मोगरीचे घाव थाळीवर पडायचे ते त्यांच्या पाठीवर पडले. बरगडी मोडली, खांद्यात तलवार उतरली, धोतर रक्ताने चिंब झाले. पण थाळीतून जनावराच्या हुंकारापलीकडे नाद निघेना. त्यांना सोडवायला ते दोघे ओढू लागले, तशी थाळी भटांसकट झुलू लागली.

खाली दिंडीवर रायाजीच्या माणसांचे पाय गारठले होते. भटाला डुलकी लागली वाटतं, असे एकाने म्हटलेही. "लागू दे," रायाजी म्हणाला. "टोल पडल्याबिगर हलायचं न्हाई." आणि त्याच सुमारास धुके फाटले. दिंडीखालच्या अरुंद पायऱ्यांवर, कणसात दाणे असावेत तसे, खानाचे तीनशे हशम कधी उघडणार म्हणून दाराकडे बघत उभे होते.

त्यांनी दारावर कुऱ्हाडी घातल्या. फळी फुटली आणि त्या भगदाडात बारा जण उभे राहिले. पहिले तिघे भाल्यांवर गेले. चौथ्याचा हात तुटला, तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने समोरच्याला मिठी मारून दरीत उडी घेतली. रायाजी पोट फाटल्यावरही उंबऱ्यात आडवा पडून पायांवर वार करीत होता. मग बुरुजावर कर्णा झाला, हैबतराव धावून आले, तटावरून धोंडे सुटले, आणि पायऱ्यांवरून रक्ताआधी माणसे खाली पोचली. ओवरीत भटांवर मोगरी उगारलेला सटवाजी जागीच सापडला, आणि सूर्य माथ्यावर येण्याच्या आत त्याचा कडेलोट झाला.

आठव्या दिवशी पालथे झोपलेले धोंडभट पालखीतून सदरेवर आणले गेले. हैबतराव उठून उभे राहिले.

"भटजीबोवा, आपण घटका राखली म्हणून गड राहिला. आजपासून आपले घराणे घटकाराखे या नावाने ओळखले जावे, ऐसी आमची मर्जी आहे."

"सरकार, राखली नाही. चोरली."

"चोरली ती खानाची," हैबतराव म्हणाले, आणि सदर हसली.

"रायाजी नाइकांची." धोंडभटांचा आवाज उशीतून येत होता. "त्यांचा पहारा संपला होता. ती घटका त्यांनी आपापल्या चुलीशी बसून काढायची होती. बारांतले सात गेले. मी त्यांना विचारले नव्हते, सरकार. जे नाव द्यायचे ते खरे द्यावे."

 मग हैबतरावांनी चिटणिसाला खूण केली, आणि त्याने तेच लिहिले: घटकाचोरे.

नाव फारसे पसरले नाही. ज्यांच्या नावातच चोर, त्यांच्या घरी मुलगी देताना लोक कचरत. पुढच्या पिढ्यांतले निम्मे वंशज मुकाट्याने पुन्हा जोशी झाले आणि पायलीच्या पन्नासांत सुखाने मिसळून गेले. चार घरांनी तेवढे नाव टाकले नाही. त्यांच्याकडे मुंज असो, बारसे असो, पहिल्या पंगतीत सात पाने जास्त वाढतात आणि त्यांवर कोणाला बसू देत नाहीत. नवखा पाहुणा विचारतोच, कोण यायचे राहिले आहे.

"पहाऱ्यावर आहेत," यजमान सांगतो, आणि तूप वाढायला घेतो.