दगडाचे फोटो कुठे गेले?

फोटो केजहून निघाले होते, पण सोलापूरला पोचले नव्हते. हे दुसऱ्यांदा घडत होतं.

रोहिणीनं फोन ठेवला आणि काचेच्या बूथमधून बाहेर आली. सोलापूरच्या महानंदा मॅडम जुने शिलालेख वाचायच्या. घराजवळच्या सायबर कॅफेत जाऊन त्यांनी रोहिणीनं पाठवलेली लिंक उघडली होती, तर फोटोंच्या जागी नुसतं लिहून आलं होतं की ही फाईल आता इथे नाही.

"न्हाई म्हंजी?" पप्पू म्हणाला. "आपल्या डोळ्यांदेखत चढली की. वाटेत येडशीच्या घाटात लुटली का काय?"

पप्पू हा रोहिणीचा चुलतभाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी लहान आणि तोंडानं चार वर्षांनी मोठा. तिसरी वर्षाराणी, रोहिणीची वर्गमैत्रीण. दुकान तिच्या वडलांचं होतं. पंचाक्षरी काकांनी अर्ध्या दुकानात कापड ठेवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात फोनचा बूथ आणि तीन कॉम्प्युटर. केजमध्ये इंटरनेट येऊन फार दिवस झाले नव्हते. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसंसुद्धा घटकाभर त्या पडद्यांसमोर उभी राहून बघत.

हसायची वेळ मात्र नव्हती. नांदूरघाटला रोहिणीच्या शेताच्या कडेला, नाल्यापाशी, पुरुषभर उंचीचा एक दगड उभा होता. गाव त्याला गायांचा दगड म्हणायचं. खाली गायी कोरलेल्या, त्यांच्यापुढे तलवार उगारलेला माणूस; सगळ्यात वर तोच माणूस महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला. मधल्या पट्ट्यांवर अक्षरं होती, पण गावात ती कुणालाच वाचता येत नव्हती. रोहिणीचे बाबा दुपारी औत सोडून तिथं टेकायचे आणि बोट फिरवत विचारायचे, "काय लिहिलं असंल गं, रोहे?" संक्रांतीनंतर ते गेले. प्रश्न मागे राहिला.

आता रस्ता रुंद होत होता आणि नाल्यावर पूल यायचा होता. कामाचे ठेकेदार मोहनराव दगड फोडून पुलाच्या पायात घालणार होते. असले दगड गावोगाव पडलेत, असं त्यांचं म्हणणं. सरपंच अर्जुनरावांनी मात्र रोहिणीला शब्द दिला होता. एखाद्या जाणकारानं त्यांना स्वतः सांगितलं की दगड मोलाचा आहे, तर ते पूल सरकवायला लावणार होते. पण मशीन सोमवारी येणार होतं, आणि आज शुक्रवार होता.

वर्षाराणीच्या बंकटमामाकडे फिल्मशिवायचा नवा कॅमेरा होता. त्यानं फोटो काढून दिले. मॅडमची मेलपेटी इवलीशी. फोटो जोडला की तो परत यायचा. मग पंचाक्षरी काकांनीच एक फुकट वेबसाईट शोधली. तिथं फाईल ठेवायची, ती एक लिंक देते, ती लिंक कळवायची. ना नाव विचारते, ना गाव.

आणि त्या वेबसाईटवरून फोटो दोनदा नाहीसे झाले होते.

पप्पूनं कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे हळूच मान वळवली. तिथं खुद्द मोहनराव पत्त्यांचा खेळ मांडून बसले होते. केजला आले की त्यांचा मुक्काम तिथंच असे.

"दगड कुणाला फोडायचाय?" पप्पू कुजबुजला. "मग फोटो कोण पळवणार?"

बेत तिथंच ठरला. तिघांनी फोटो पुन्हा चढवले, लिंक टेबलावरच्या पाटीवर ठळक लिहिली, "येतो काका," असं मोठ्यानं सांगून बाहेर पडले आणि मागच्या दारानं आत येऊन कापडाच्या ठाणांमागे दबा धरून बसले.

मोहनरावांनी पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचा राजा अडकला होता.

मग पंचाक्षरी काका गादीवरून उठले. चष्मा पुसला. पाटीवरची लिंक बघत कॉम्प्युटरवर एकेक अक्षर दाबलं. फाईल उतरली, फोटो उघडले. काकांनी ते एकामागून एक बघितले, समाधानानं मान हलवली आणि सगळं बंद करून परत गादीवर जाऊन बसले.

पप्पूचं तोंड उघडंच राहिलं. वर्षाराणीचा चेहरा उतरला. तिचे अप्पा? ते असं कावून करतील?

तेवढ्यात एक बाई लुगडं घ्यायला आल्या. त्यांनी पसंत केलेलं लुगडं काकांनी घडी मोडून सगळं उलगडलं, झटकलं, दारातल्या उजेडात धरून काठापासून पदरापर्यंत बघितलं आणि मगच पुन्हा घडी घातली. बाई म्हणाल्या, राहू द्या, माझा विश्वास आहे. काका म्हणाले, "तुमचा असंल. माझा न्हाई. आमच्या दुकानातून माल बघितल्याबिगर जात नसतो."

रोहिणी ठाणामागून सरळ उभी राहिली. ती कॉम्प्युटरपाशी गेली आणि त्या वेबसाईटच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेले नियम उघडले. वर्षाराणीनं डिक्शनरी आणली. तिघांनी डोकी एकत्र करून एकेक शब्द लावला. तिसऱ्या ओळीत सगळं होतं : ठेवलेली फाईल एकदाच उतरवून घेता येईल, त्यानंतर ती आपोआप पुसली जाईल.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग हळूच म्हणाले, "म्हंजी चोर मीच की रे."

"तसं न्हाई, काका," रोहिणी म्हणाली. "लुगडं बघितलं तरी लुगडं उरतं. हे बघितलं की संपतं."

मोहनरावांनी खेळ थांबवून हे सगळं ऐकलं आणि ते पोट धरून हसले. फुकटचं असंच असतं, म्हणाले. काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी तिन्ही मुलांसाठी एक कॉम्प्युटर मोकळा केला आणि सांगितलं, आता चांगली जागा तुम्हीच निवडा, नियम आधी वाचा.

शनिवारची सकाळ त्यात गेली. एक वेबसाईट फाईल सांभाळायला तयार होती, पण उघडणाऱ्याला आधी लांबलचक माहिती भरायला लावायची. दुसरी वाटेल तेवढी मोठी फाईल घेत होती. तिथं गेलं की चहूबाजूंनी जाहिराती लुकलुकायच्या, आणि फाईल किती दिवस राहणार ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. पप्पूला तीच आवडली. फुकटच घ्यायचं तर मोठं घ्यावं, असं त्याचं सरळ गणित होतं. तिसरी अगदी साधी, पांढरी. तिथं फक्त लहान फाईल चालत होती. पण ती महिनाभर राहणार, कुणीही उघडायची, कितीही वेळा.

"मॅडम एकदा बघून वाचतील का?" रोहिणीनं विचारलं. "त्यांना परत परत उघडावी लागणार. आपल्याला ही लहानच पाहिजे."

अडचण एवढीच की फोटो तिथं मावेनात. लहान केले की अक्षरं पुसट होत. मग वर्षाराणीलाच सुचलं : दगड तुकड्यातुकड्यानं पाठवायचा. एका पट्टीचा एक फोटो. त्यासाठी फोटो नव्यानं, जवळून काढायला हवे होते.

रविवारी पहाटे बंकटमामा मोटरसायकलवर कॅमेरा घेऊन नांदूरघाटला आला. रोहिणीची आई, तुळजाबाई, आधीच घागर घेऊन दगडापाशी पोचली होती. तिनं तो ओल्या फडक्यानं पुसला, हळूहळू, आजारी माणसाचं अंग पुसावं तसा.

सूर्य वर आला. ऊन डोंगरावरून आडवं येऊन दगडावर घासत गेलं, आणि अक्षरं उठली. दुपारी जिथं नुसते ओरखडे दिसत, तिथं आता ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. प्रत्येक अक्षराला स्वतःची सावली होती. वाटावं, कुणीतरी आत्ताच छिन्नी खाली ठेवून पाणी प्यायला गेलंय. मामानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि एकेका पट्टीचा फोटो घ्यायला लागला.

जीप पकडून सगळे केजला आले. फोटो एकेक करून पांढऱ्या वेबसाईटवर चढले. काका मागे उभे होते. रोहिणी खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "बघा काका, माल बघून घ्या."

काकांनी फाईल उघडली. बंद केली. पुन्हा उघडली. अक्षरं जागच्या जागी होती. "हाय," ते पुटपुटले, "अजून हाय." मग त्यांनी स्वतः सोलापूरला फोन लावून लिंक सांगितली आणि अर्जुनरावांना बोलावणं धाडलं.

दुपारी फोन वाजला तेव्हा अर्जुनराव गादीवर बसले होते आणि मोहनराव कोपऱ्यात. काकांनी स्पीकर चालू केला. मॅडमचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता. लेख जुन्या कन्नडमध्ये आहे, त्या म्हणाल्या, आठशे वर्षांपूर्वीचा तरी असावा. तीनदा उघडून पाहिला, म्हणून नीट लागला. मग त्यांनी सावकाश अर्थ सांगितला.

"गावच्या गायी चोरांनी वळवून नेल्या. याने एकट्याने त्या सोडवल्या आणि इथेच तो पडला. त्याची मुलगी चंदव्वे हिने बापासाठी हा दगड उभा केला."

रस्त्यावरून एक एसटी गेली, तिचा आवाज विरला, तरी सगळे फोनकडेच बघत होते. आठशे वर्षांपूर्वीची एक मुलगी त्या छोट्याशा डब्यातून त्यांच्यात येऊन बसली होती.

"पोरीनं?" मोहनरावांनी विचारलं. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाठ केली होती. मॅडम हो म्हणाल्या. मोहनराव उठून गादीपाशी आले आणि अर्जुनरावांना म्हणाले की पूल वरच्या अंगाला सरकवता येईल, जागा आहे, सकाळी आखून देतो.

अर्जुनरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "आमी जलमभर त्या दगडाला बैलं बांधली," ते म्हणाले. "तुमी पोरांनी त्याला बोलतं केलं. लई मोठं काम केलं बघा."

पंचाक्षरी काकांनी तिघांना पेढे दिले आणि दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते फोटो उघडून दाखवले.

सोमवारी मशीन आलं आणि नाल्याच्या वरच्या अंगाला खणू लागलं. तुळजाबाई रोहिणीबरोबर बांधावर आली. ऊन अजून आडवं होतं. मॅडमनी फोनवर ओळ सांगितली होती, शेवटून दुसरी. रोहिणीनं ती मोजून काढली, आईचा हात धरला आणि तिचं बोट दगडावर टेकवलं.

"आई, हे तिचं नाव."

तुळजाबाईनं ते अक्षर अक्षर चाचपलं. मग न विचारताच बोट पुढे सरकवलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "आणि त्याच्या पुढचं, बापाचं असंल."