हर्षल वर आला

धामणगाव बढेच्या वरच्या अंगाला घाटातून एक नदी उतरते. उन्हाळ्यात तिच्यात नुसते काळे दगड असतात. सप्टेंबरात चांगला पाऊस झाला की मात्र ती कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी, चालवण्याजोगी होते. अंतर थोडंसंच, पण उतार असा, की एकदा प्रवाहात शिरलं की विचार करायला वेळ मिळत नाही. मी बुलढाण्याला कॉलेजात फिजिक्स शिकवते. मी आणि माझा धाकटा भाऊ हर्षल, दोघंही कोलाडला जाऊन कयाक शिकलो. ही नदी आम्ही आधीही उतरलो होतो.

त्या सकाळी जीप खालच्या डोहाजवळ लावली आणि कयाक खांद्यावर घेऊन आम्ही वर चढलो. पाणी गढूळ, तांबडं होतं.

"ताई, मी फुडं निघतो. तू मधल्या धारेच्या वर थांब, मले पाह्य, मंग ये."

"धार आज मोठी वाटून राह्यली."

"काही नाही होत."

धार म्हणजे नदीतला छोटा धबधबाच; तिच्या वर एका मोठ्या दगडाआड पाणी शांत होतं. तिथं थांबून मी पाहत राहिले. हर्षलची पिवळी कयाक कड्यावरून सुटली, खालच्या फेसात शिरली आणि उलटली. उलटलेली कयाक कमरेच्या झटक्यानं सरळ करायची असते. हर्षल ते झोपेतही करेल. वल्ह्याचं टोक वर आलं, पुन्हा गेलं. पिवळा तळ फेसात गोल फिरत राहिला.

मी शिट्टी फुंकली. काठाला लागून त्याच्याकडे फेकायचा दोर सोडवू लागले.

तेवढ्यात कयाक सरळ झाली. झटक्यानं नाही. हळू, कोणी हातानं वळवल्यासारखी.

हर्षल वर आला. खोकला नाही, पाणी थुंकला नाही. वल्हं हातात नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो उरलेला उतार तसाच उतरून गेला.

मी कयाक तिथंच टाकली आणि दगडांवरून धावत खाली आले. वाटेत शालूबाई भेटली. ती या काठाला शेळ्या चारते, आमची ओळख होती.

"बाई, त्याले काढा ना लवकर! थो धारेखालीच हाय!"

"कोण?"

"तुमचा भाऊ. त्याचा हात दिसून राह्यला वरून."

"मावशी, थो काय, थो आला ना." मी बोट दाखवलं. हर्षल जीपजवळ पाठमोरा उभा होता.

शालूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पदर दातांत धरून, शेळ्या हाकत ती चढ चढून गेली. मागे वळली नाही.

मी धारेकडे पाहिलं. नुसता फेस. वल्हं अडकलं असेल, तेच तिला हात वाटलं असेल.

"लागलं का रे?" मी हर्षलला विचारलं.

"नाही."

"मंग इतका वेळ काऊन लागला?"

"चाल."

आवाज त्याचाच होता.

पाऊस सुरू झाला. कयाक उद्या नेऊ म्हटलं, आणि काचा लावून मी जीप काढली. पहिल्या वळणाशी माझ्या बाजूची काच माझ्या श्वासाच्या वाफेनं धुरकट झाली. मी पुसली. पुन्हा धुरकटली.

मी त्याच्याकडे मान वळवली.

हर्षल खिडकीला नाक टेकवून नदीकडे पाहत होता.

त्याची काच स्वच्छ होती.