शेवटी ठेवलेलं घर

दसऱ्याला वेशीवर हरिदास उभा होता. हातात पानवाचक. टॉर्चएवढं यंत्र, पानावर धरलं की बुरशीचे बीजाणू हुंगायचं. सापडले की लाल दिवा, आणि खबर थेट तालुक्याला. मग त्या शिवारातली सगळी तूर उपटून जाळायची.

सीमोल्लंघनाहून परतणाऱ्यांचे खिसे तो तपासत होता. खऱ्या पानाला बंदी; प्रत्येकाकडं सरकारनं वाटलेलं आपट्याचं कागदी पान.

“हे सोनं घेऊन काय करू, नाक पुसू?” म्हातारी सोजरबाई म्हणाली. लोक हसले.

काळठिपक्या ही बुरशी एका बियाणे कंपनीनं तरोट्याचं तण मारायला बनवली. ती तरोट्यावर थांबली नाही. आपट्यावर गेली. आपटा तिचा यजमान झाला; पानावर नुसते ठिपके, झाड मजेत. पण तिथून ती तुरीवर उतरली की फुलावर आलेलं रान उभं वाळायचं. बनवणारे विमानानं निघून गेले आणि आपटे तोडायची कुऱ्हाड हरिदाससारख्या गावातल्याच सरकारी राखणदारांच्या हातात आली. गेल्या साली त्यानं थोरल्या भावाच्या, लिंबाजीच्या बांधावरचा आपटा तोडला. आईनं लावलेला. तेव्हापासून लिंबाजीनं बोलणं टाकलं होतं.

दिवेलागणीला तोच लिंबाजी दारात उभा राहिला. वेस टाळून ओढ्याच्या वाटेनं आला होता. टोपीखालून त्यानं पान काढलं. खरं, हिरवं.

“तू तोडलास ना, त्याच खोडाला फुटलंय. घे. झालं गेलं सोड.”

यंत्र खुंटीला होतं. हरिदासनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. पान घेतलं, भावाच्या पाया पडला. लिंबाजीनं त्याला उचलून छातीशी धरलं.

चहा झाल्यावर देवापुढं ठेवताना पान उलटं झालं. पाठीवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. एकच तर पान, हरिदासनं मनाशी म्हटलं. चुलीत घालू, हात राखेनं धुऊ.

“अण्णा, आणखी आणली होतीस?”

“गावभर वाटली. कुणी नको म्हटलं नाही. सोजरबाईनं तर डोळ्याला लावलं.” लिंबाजी जरा ओशाळला. “तुझ्यावर राग होता रे. म्हणून तुझं घर शेवटी ठेवलं.”

बाहेर माणसं एकमेकांना कवटाळत होती. सकाळी तेच हात तुरीत जाणार होते, तिथून वारा पुढच्या गावांना.

हरिदासनं खुंटीवरून यंत्र काढलं.

“आईचं झाड आहे,” लिंबाजी मागून म्हणाला. “पान चांगलं आहे ना रे?”