आठाचे चार

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं जंतू वाढवते आहे. रक्त, थुंकी, जखमेतला पू, जे येईल त्यातून. एका सोमवारी आलेल्या रक्ताच्या बाटलीवर अक्काचं नाव होतं.

अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. आईचं शेवटचं दुखणं तिने एकटीने काढलं, मी नुसते फोनवरून सल्ले दिले. "सल्ले नकोत गं, तू ये," ती म्हणाली होती. मी फोन ठेवला तो ठेवलाच.

मंगळवारी दुपारी वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. "बाई, तुमच्या बहिणीला खूप ताप आहे. तुम्हाला विचारतायत. जरा वर येऊन जाता का?"

"रिपोर्ट घेऊनच येते," मी म्हणाले.

रिपोर्ट हे निमित्त होतं. जंतू कोणते ते सकाळीच कळलं होतं, औषधही सुरू झालं होतं. वर जाऊन बोलायचं काय, तेच सुचत नव्हतं. म्हणून मी त्या जंतूंचा एक थेंब कोमट काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले.

आठ होते. दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारखे. जंतू दुभंगताना मी हजारदा पाहिलाय. तो लांबतो, मधोमध कंबर आवळली जाते, आडवी भिंत पडते, एकाचे दोन होतात. वीसेक मिनिटांचा खेळ.

इथे दोन-दोन जंतू टोकाला टोक लावून थांबले. मधली भिंत विरली. आवळलेली कंबर भरून आली.

आठाचे चार.

मी प्रमुख डॉक्टरांना बोलावलं. "चष्म्याचा नंबर वाढला असेल," ते हसत म्हणाले आणि वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग बेसिनकडे गेले. कशालाही हात लावलेला नसताना कोपरापर्यंत हात धूत राहिले.

चाराचे दोन.

पुन्हा फोन. "बाई, त्या सारखं तुमचंच नाव घेतायत."

"आलेच. वीस मिनिटं."

तेव्हाच उठायला हवं होतं. जिना चढायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मी उठले नाही.

ते दोघे एकमेकांना खेटले. मधली रेघ फिकट होत गेली.

एक.

मी धावतच वर गेले. अक्का उशीला टेकून बसली होती. ताप उतरलेला, चेहरा टवटवीत. लहानपणी गच्चीच्या कठड्यावरून पडल्याची गोष्ट ती सिस्टरला रंगवून सांगत होती. आईने आधी धपाटा घातला, मग स्वतःच रडत बसली.

पडले होते ती मी, भुवईवर टाके पडले तेही मलाच. अक्का खाली उभी राहून किंचाळत होती.

"हे बघा, तीन टाके," म्हणत तिने डाव्या भुवईवरची खूण दाखवली.

माझा हात आपसूक माझ्या भुवईकडे गेला. कातडी गुळगुळीत लागली.

तेवढ्यात तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने पाय आखडून मला पलंगावर जागा करून दिली.

"बसा ना, उभ्या का?" ती म्हणाली. "तुमचं कोण आहे इथे?"