महिपतरावांचा दिवा

गेली बिजली? जाऊ दे. ओरडू नका, आपल्या या लष्कर भागात थंडीत जातेच. शामला, ती समई लाव आधी. कंदील नको, समईच. आणि अंगीठी इकडे सरकव, माझे गुडघे तुमच्यासारखे कोवळे नाहीत. शरच्चंद्र, तू हसतोस ना? हस. गोष्ट संपली की मागच्या अंगणात एकटा जाऊन दाखव.

आमच्या कचेरीत श्रीपाद होता. माणूस सरळ, पण बिजलीचं भारी खूळ. गल्लीत पहिली बिजली त्याच्या घरी आली, आणि आली तशी त्याने घरातले कंदील-समया मोडीत काढल्या. वडील महिपतराव, जुने फौजी. शेवटची दोन वर्षं डोळे गेले होते. भिंतीला तळवा घासत चालायचे. चुन्यावर त्याचा कळकट पट्टा उमटला होता. उजेड आहे की नाही, एवढंच कळायचं त्यांना. जाताना श्रीपादचा हात धरून म्हणाले, "मला अंधारात ठेवू नकोस रे." श्रीपादने वचन दिलं.

आता आपल्यात माणूस गेला की त्या जागी पीठ पसरून दहा दिवस दिवा तेवता ठेवतात. तो विझू द्यायचा नसतो. आई, अनसूयाबाई, म्हणाल्या, "तेलाचा लाव." श्रीपाद म्हणाला, "आई, तेलाचा वाऱ्याने जातो. हा जात नाही." आणि त्याने पिठावर वायरला बल्ब लोंबता सोडला. गुरुजींनी नाक मुरडलं, पण शहाण्याला कोण सांगणार?

सन एकोणचाळीस. पौषातली अमावास्या, शुक्रवार. संध्याकाळी श्रीपाद बाड्यावर, बाजारात गेला, जोडीला एक बल्ब घरात असावा म्हणून. बल्ब घेतला, मफलरात नीट गुंडाळला. धुकं उतरत होतं. चार पावलं टाकली असतील, तोच बाड्यावरचे सगळे दिवे गेले. दुकानदार हसले, कोणी मेणबत्ती शोधू लागलं. श्रीपाद मात्र पळत सुटला.

"मेणबत्ती तरी घ्यायची ना, काका!"

सुचायला हवी ना, पद्मा. त्याच्या डोक्यात एकच होतं, घरचा तो दिवा गेला असणार. आणि घरात आई एकटी.

गल्लीत कुत्रंही भुंकत नव्हतं. दार नुसतं लोटलेलं. आत मिट्ट काळोख. सुतक, म्हणून देवापुढेही दिवा नाही. चूल केव्हाच निवलेली. काडेपेटी स्वयंपाकघरात, आणि तिकडे जायचं तर वाट त्या पिठाच्या, दिव्याच्या खोलीतूनच.

"आई?"

"हळू बोल." आई उंबऱ्याजवळच बसल्या होत्या. "ते शोधताहेत."

"कोण? काय शोधताहेत?"

आईंनी त्याला ओढून शेजारी बसवलं.

मग त्याला ऐकू आलं. आतल्या खोलीतून. खस्... थांबलं. खस्... भिंतीवरून तळवा फिरत होता. कोपऱ्यापर्यंत गेला. वळला. पुन्हा खस्...

"फिर, काका?"

मध्ये बोलू नकोस, शरू.

तो आवाज पुढच्या भिंतीवर आला. कधी खाली, कधी वर. चाचपत. घाई नाही, पण थांबतही नाही. श्रीपादने आईचा हात घट्ट धरला. बर्फासारखा गार. आवाज उंबऱ्याशी आला. चौकटीवरून बोटं खाली उतरली. अगदी त्याच्या कानाजवळ...

श्रीपाद मला म्हणाला होता, भीती वाटली त्यापेक्षा लाज जास्त वाटली. आंधळ्या बापाला आपण अंधारात ठेवलं.  तो हळूच बोलला.

"बाबा... चुकलो. तेलाचाच लावतो. थांबा."

बोटं थांबली.

काही नाही. कितीतरी वेळ काही नाही.

आणि आतल्या खोलीत उजेड पडला.

पिवळा. मऊ. तोच बल्ब लागला होता. पण बल्बचा उजेड हलत नाही, आणि हा हलत होता. श्रीपादने खिडकीतून पाहिलं. सगळी गल्ली काळीठिक्कर.

"सापडला त्यांना," आई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

दोघं उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिली. सकाळी बिजली आली. आली, आणि तो बल्ब गेला. श्रीपादने त्याच क्षणी शेजारून पणती मागून आणली, उरलेले दिवस तेलाचाच दिवा ठेवला. रात्ररात्र जागला त्याच्यापाशी.

तेराव्याला मी गेलो, तेव्हा त्याने तो बल्ब मला दाखवला. काच आतून काळी झाली होती.

"काका, जुना बल्ब काळा होतोच!"

होतो. मला शिकवू नकोस, शरू, कचेरीत मीही बल्ब बदललेत. काच अखंड होती. तडा नाही, भोक नाही. मी तो हातात घेतला, खिडकीशी नेला. जरा जडच लागला, म्हणून तिरका केला.

आत तेल हललं.