इत्सुरुनच्या धुक्यातली हाक

सान तेल्मोच्या चॅपेलात लग्न लागलं, पाहुणे जेवणाच्या टेबलांकडे वळले आणि नवरानवरी हळूच सटकली. कार्मेलेला खालच्या इत्सुरुन किनाऱ्याच्या वाळूत एकदा पाय बुडवायचे होते, एवढंच. पन्नाशी उलटल्यावर दोघांचंही हे दुसरं लग्न. लाजायचं वय कधीच सरलं होतं.

"चल रे डोंगरातल्या बोकडा," ती म्हणाली. "सुमाया गावचा जावई झालास, समुद्राला तोंड तरी दाखव."

"बोकडाला पोहता येत नाही, बाई," इनासियो हसला.

ओहोटी होती. कड्यापासून निघालेले खडकांचे पदर, भाकरीची चवड आडवी पाडावी तसे, लांब समुद्रात गेले होते. चपला हातात घेऊन, एकमेकांना सावरत, घसरत, खिदळत दोघं त्या कडांवरून बरीच पुढे गेली.

मग दार लोटावं तसं धुकं आलं. आधी कडा गेला, मग वाळू, मग स्वतःचेच पाय. पदरांच्या मधल्या चरांत पाणी चढू लागलं. चुळूक... चुळूक... शेवाळाच्या वासात ओल्या लोकरीचा वास मिसळला.

"कार्मेले, किनारा कुठे?"

तिनं चहूकडे वळून पाहिलं. जन्मभराचा किनारा, आणि तिला दिशा सांगता येईना. पाणी घोट्याशी आलं.

तेवढ्यात एक इरिंत्सी उठली. घोड्याच्या खिंकाळीसारखी चढत जाणारी, शेवटी हसण्यात फुटणारी ती आनंदाची आरोळी!

"मैशाबेल!" कार्मेले ओरडली. तिची मैत्रीण, गावात असा गळा दुसरा नव्हता. "आलो गं!"

आरोळी पुढे सरकत गेली, दोघं तिच्यामागे. मध्येच इनासियो पुटपुटला, "तुझा हात माझ्या उजव्या हातात आहे ना?"

"हो."

"मग डावा... कोणी धरलाय?"

"ओढतंय कुठे?"

"किनाऱ्याकडे..."

"मग चल. सोडू नकोस..."

पायाला वाळू लागली. धुकं फाटलं. मैशाबेल पायऱ्यांवरून धावत येत होती. तिनं कार्मेलेला गच्च मिठी मारली आणि कानाशी घोगरं कुजबुजली, "कुठे होतात, मेल्यांनो? सकाळपासून घसा बसलाय... हाकही मारता येईना."

कार्मेले आधी रडली, मग इतकी हसली की इनासियोही हसू लागला.

संध्याकाळी अंगणात अकॉर्डियन वाजलं. हात धरून नाचणाऱ्यांची रांग फिरू लागली. इनासियो सगळ्यात शेवटी, घामाघूम, लहान मुलासारखा खूश. त्याच्या पलीकडे कोणी नव्हतं. तरी डावा हात लांब पसरलेला, बोटं कशाभोवती तरी मिटलेली. कार्मेलेनं पाहिलं, आणि ती नाचतच राहिली.

त्या बोटांखालच्या कोरड्या फरशीवर, नाचाच्या ठेक्यात, पाण्याचे थेंब पडत होते.