न उकळलेली नळी

त्या गोठ्यात एका आठवड्यात चार वासरं गेली. आधी हगवण, मग ताप, मग मेंदूला सूज. शेवटी चौघांच्याही माना पाठीकडे वळून ताठ झाल्या, आणि आडवी पडून ती हवेत पाय झाडत राहिली.

"कशानं झालं हो?" मालकांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं. ही चौघं जन्मली त्या सकाळी, आधी दुसऱ्या गोठ्यावर आजारी वासराच्या घशात घातलेली नळी त्यांनी घाईघाईत नुसती पाण्याखाली धरली होती. त्याच नळीनं या चौघांना पहिला चीक पाजला होता. पण खरं सांगायला जीभ रेटेना.

"नाळेला औषध लावलं नसेल," त्या म्हणाल्या.

गोठा सांभाळणारी बाई घमेलं घेऊन तिथंच उभी होती. बारा वर्षं तिथं राबलेली.

"मी लावलं होतं, डॉक्टर," ती एवढंच म्हणाली. संध्याकाळी मालकांनी तिला घरी बसवलं.

पुढच्या सोमवारी एका दुसऱ्या गोठ्यात दोन दिवसांचं धडधाकट वासरू तपासायला त्या वाकल्या. वासरानं मान मागे टाकली. ताप नव्हता, डोळे स्वच्छ. त्या हात धुवायला नळाशी गेल्या, तर ते आईला लुचायला लागलं. परत आल्या, की मान मागे.

"तुम्हाला बघून लाजतंय," तिथला मालक हसला.

बुधवारी एका कप्प्यात सात वासरं होती. डॉक्टरीणबाई दारात आल्या आणि सातही माना एकदम मागे गेल्या. एकही हंबरलं नाही.

त्यांनी कोपरापर्यंत हात घासले. कपडे, चपला बदलल्या. नळी तर कधीच जाळली होती. चोराच्या मनात चांदणं, असं स्वतःला समजावलं. पण वासरांचं काय?

गुरुवारी दुपारी त्या कामावरून काढलेल्या बाईच्या घरी गेल्या. आत पाळण्यात लेकीची तान्ही मुलगी होती.

"अगंबाई, तुम्ही? या, आत या."

"नको. इथूनच बोलते."

पायरीवर उभ्या राहून, जमिनीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. नळी, घाई, खोटं. "तुमचा काही दोष नव्हता. मालकांना सांगते मी."



त्यांनी वर पाहिलं. बाईचं लक्षच नव्हतं. ती पाळण्यावर वाकली होती.

"आत्तापर्यंत छान झोपली होती हो. मान का अशी मागे टाकतेय?"

डॉक्टरीणबाई एक पायरी खाली उतरल्या.

मग आणखी एक.

"हं, झाली बघा नीट," आतून आवाज आला. "या ना आत."